छळछावण्यांचे चित्रपट-पुरावे

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मुक्त झालेल्या नाझी छळछावण्यांत दोस्त राष्ट्रांच्या लष्करी कॅमेरामननी केलेले आणि पुढे युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत दाखल झालेले चित्रीकरण. सुरुवात सोव्हिएत फौजांनी जुलै १९४४ मध्ये घेतलेल्या मायडानेकपासून झाली. ब्रिटिश सैन्य १५ एप्रिल १९४५ रोजी बेर्गन-बेल्सनमध्ये शिरले तेव्हा तिथे सुमारे ६०,००० कैदी आणि हजारो बेवारस प्रेते होती. टायफसची साथ पसरलेली असल्याने प्रेते बुलडोझरने खड्ड्यांत लोटावी लागली. तेही चित्रित झाले.

युद्धात सर्वांनीच प्रचारपट काढले होते, त्यामुळे ही दृश्ये बनावट ठरवली जाण्याची भीती खरी होती. आसपासच्या जर्मन गावांचे प्रतिष्ठित लोक आणून खड्ड्यांच्या काठी उभे केले गेले. या चित्रीकरणापासून ब्रिटिश चित्रपट तयार होत असताना सल्लागार असलेल्या आल्फ्रेड हिचकॉकने लांब, न तोडलेल्या दृश्यांवर भर दिला: बघे आणि प्रेते एकाच दृश्यात आली, की जोडकामाची शंका उरत नाही.

नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकी अभियोग पक्षाने सुमारे तासाभराचा चित्रपट दाखवला. जवळपास ८०,००० फूट फिल्ममधून ६,००० फूट निवडलेली होती. चित्रीकरणाची धुरा सांभाळणारे जॉर्ज स्टीव्हन्स यांचे, दृश्यांत कोणताही फेरफार नसल्याचे प्रतिज्ञापत्र चित्रपटाच्या सुरुवातीलाच येते. हॉलिवूडमध्ये प्रसंग रचण्यात हयात घालवलेल्या दिग्दर्शकाला इथे काहीच रचलेले नाही अशी शपथ घ्यावी लागली, हे विलक्षणच. अंधारातही आरोपींचे चेहरे दिसावेत म्हणून त्यांच्या कठड्यावर दिवे लावले होते. आरोपींपैकी याल्मार शाख्ट, हिटलरचे माजी अर्थमंत्री, पडद्याकडे पाठ करून बसले.

या पुराव्याची मर्यादा मात्र मोठी आहे. कॅमेरा पोहोचला तिथलेच त्यात दिसते. ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक ही संहारकेंद्रे नाझींनी आधीच पाडून टाकली होती. तिथले जवळजवळ सर्व बळी ज्यू होते. न्यूरेंबर्गच्या चित्रपटाच्या निवेदनात तर ज्यूंचा उल्लेख अगदीच ओझरता आहे. आउशवित्झ २७ जानेवारी १९४५ रोजी मुक्त झाले, पण तिथले काही चित्रीकरण नंतरच्या आठवड्यांतले आहे. मुक्तीच्या क्षणाची दृश्ये म्हणून ते सर्रास वापरले जाते, ते चुकीचे आहे.

ब्रिटिशांचा चित्रपट १९४५ मध्येच अर्धवट बाजूला पडला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तो मूळ आराखड्यानुसार पूर्ण केला, आणि २०१४ मध्ये तो प्रेक्षकांपुढे आला.