शेवाळ आलं की टाकीतलं सगळं पाणी बदलायचं का?

"मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ आलं की सगळं पाणी बदला," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण शेवाळ पोसतं ते नायट्रेट, फॉस्फेट आणि उजेडावर. सोलापुरात बोअरच्या पाण्यात मीठ कालवून टाकी भरली, तर नायट्रेट त्या पाण्यातूनच येऊ शकतं. म्हणजे शेवाळाला ताजा खुराक! शिवाय खारेपणा, तापमान एकदम बदललं तर मासे आणि प्रवाळ हकनाक दगावू शकतात.

मीठ घालण्याआधीच पाणी नायट्रेटच्या टेस्ट किटने तपासा, नायट्रेट तिथूनच येतंय का याचा उलगडा होईल. टाकीतलं रीडिंग मात्र फसवतं, कारण शेवाळच नायट्रेट शोषून घेतं. आरओ-डीआय पाणी (विरघळलेले क्षार, नायट्रेट काढून टाकलेलं शुद्ध पाणी) वापरा, आठवड्याला साधारण 10 टक्केच बदला, खाद्य कमी करा, शेवाळ हाताने उपटा. फरक दिसायला काही आठवडे लागतात.