एकसर रोधाची भरपाई (पॅच क्लॅम्प)

होल-सेल पॅच क्लॅम्प नोंदणीत (काचेची बारीक नळी, म्हणजे पिपेट, पेशीला चिकटवून संपूर्ण पेशीपटलातून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजताना) पिपेटच्या टोकाशी प्रवाहाच्या वाटेत येणाऱ्या एकसर रोधामुळे होणारी व्होल्टेजची घट प्रवर्धकाकडून भरून काढण्याची पद्धत. होल-सेल नोंदणी एर्विन नेहर, बर्ट झाकमान आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. नेहर व झाकमान यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीला घट्ट चिकटवून टोकाखालचे पटल फोडलेल्या पिपेटमधूनच व्होल्टेज लावले जाते आणि प्रवाहही तिच्यातूनच वाहतो. रिकाम्या पिपेटचा रोध २ ते ५ मेगाओम असला, तरी पटल फोडल्यावर टोकाशी त्याचे तुकडे अडकतात आणि एकसर रोध ५ ते २० मेगाओमपर्यंत जातो. वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागायतदाराला यातली मेख लगेच कळेल. डीपीवर व्होल्टेज पुरेसे दिसते, पण लांबच्या विहिरीपर्यंत ओढलेल्या बारीक केबलवर मोटर सुरू होताच ते पडते. मोटर बंद असताना मात्र मीटर सगळे ठीक दाखवतो. पॅच क्लॅम्पचा प्रवर्धक हा डीपीवरचा मीटर होय.

१० मेगाओम रोधातून २ नॅनोअँपिअर प्रवाह गेला की २० मिलिव्होल्टची चूक होते. सोडियम प्रवाह आत येणारा असल्याने, -२० मिलिव्होल्टचा हुकूम (प्रवर्धकाने लावलेले व्होल्टेज) दिलेली पेशी प्रत्यक्षात ० मिलिव्होल्टवर असते. त्यामुळे प्रवाह-व्होल्टेज आलेख खोटाच तीव्र होतो आणि ऋण बाजूला सरकतो. ५० पिकोअँपिअरच्या प्रवाहाला हीच चूक अर्धा मिलिव्होल्ट. तिथे भरपाईचा खटाटोप कशाला? वेगाचेही तसेच: ३० पिकोफॅरड धारितेच्या पेशीचा कालस्थिरांक (व्होल्टेज बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप) १० मेगाओमला ३०० मायक्रोसेकंद येतो, म्हणजे हुकूम पेशीपर्यंत उशिरा पोचतो.

विदर्भात कपाशीच्या बोंडअळीवर फवारतात त्या सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइडांचा अभ्यास इथे अडतो. ही द्रव्ये सोडियम मार्ग (पेशीपटलातली सोडियम आत सोडणारी दारे) उघडे धरून ठेवतात. किती मार्ग बाधित झाले ते व्होल्टेज खाली आणल्यावर उरणाऱ्या शेपटीप्रवाहाची शिखरप्रवाहाशी तुलना करून काढतात; शिखरच चुकले, तर हिशेबही चुकतो.

उपाय असा, की मोजलेल्या प्रवाहाच्या प्रमाणात हुकमाच्या व्होल्टेजमध्ये भर घालायची. ८० टक्के भरपाईने वरची २० मिलिव्होल्टची चूक ४ वर येते. पण ही धन पुनर्भरण पद्धत आहे, म्हणजे मोजलेला प्रवाहच हुकूम आणखी वाढवतो. जास्त ओढले की मंडल थरथरू लागते आणि पेशी क्षणात मरते. म्हणून १०० टक्क्यांचा हट्ट कोणी धरत नाही; ७० ते ८० पुरे मानतात. त्याआधी पिपेटची आणि पेशीची धारिता नीट रद्द केलेली असावी लागते. काचेवर सिल्गार्ड या सिलिकोन रबराचा लेप दिला आणि पात्रातले द्रावण उथळ ठेवले, तर हे सोपे जाते. अनेकदा प्रवाहच लहान करणे शहाणपणाचे: बाहेरचे सोडियम घटवावे किंवा सोडियम मार्ग बंद करणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनची अल्प मात्रा द्यावी.

एकसर रोध प्रयोगभर स्थिर राहत नाही. पटल पुन्हा बुजू लागले की तो वाढतो आणि आधी लावलेली भरपाई अपुरी पडते. म्हणून दर काही मिनिटांनी तो तपासतात, आणि सुमारे २० टक्क्यांहून अधिक बदललेल्या पेशीची नोंद बहुतेक जण वगळतात.