पार्श्वभूमी : सीसीटीव्हीची देखभाल, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करार आणि हार्ड डिस्क

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर उरकल्या जातात, आणि तिथे वाटल्या जाणाऱ्या खर्चपत्रकात ‘सीसीटीव्ही एएमसी’ (वार्षिक देखभाल करार) ही ओळ आता लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांच्या खाली ठरलेली असते. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरचे कुटुंब तासाभरात समितीच्या दारात उभे राहते, पंप बिघडला की सकाळी नळ कोरडा राहतो. कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग थांबले तर मात्र कोणाचेही काही अडत नाही. पार्किंगमधली दुचाकी नाहीशी होते, पोलीस फुटेज मागायला येतात, आणि मग रेकॉर्डिंग केव्हा थांबले याचा शोध सुरू होतो. देखभालीच्या या व्यवसायात गेली वीस वर्षे जे वाद झाले, त्यांतले बहुतेक याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. नव्वदच्या दशकात कॅमेरे होते ते बँका, सराफी पेढ्या आणि मोठे कारखाने यांच्याकडे. तीन तासांची कॅसेट चोवीस तास पुरवणारा टाइम-लॅप्स व्हीसीआर हे त्या काळचे रेकॉर्डिंग. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्याच्याकडे इंटरकॉम आणि ईपीएबीएक्सची (कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन यंत्रणेची) कामे असत, तोच व्हीसीआरची हेडे साफ करून देई आणि भेटीचे पैसे घेऊन जाई. लेखी करार क्वचितच होई. जुलै २००३ पासून दुरुस्ती आणि देखभालीच्या करारांवर सेवा कर लागू झाला. माझ्या मते या क्षेत्रात करार कागदावर आणण्याचे मोठे काम त्या कराने केले, कारण बिलावर कर दाखवायचा तर सेवा कोणती, हे लिहिणे भाग पडले.

मागणी खऱ्या अर्थाने वाढली ती ११ जुलै २००६ च्या लोकलमधील स्फोटांनंतर, आणि त्याहून अधिक २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर. त्याच सुमारास घोडबंदर रस्त्यावर टॉवर उभे राहत होते, कोपरखैरणे, ऐरोली, खारघरमध्ये नव्या सोसायट्या नोंदवल्या जात होत्या, आणि चार किंवा आठ चॅनलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्र हार्ड डिस्कवर नोंदवणारा रेकॉर्डर) मध्यम आकाराच्या सोसायटीला परवडू लागला होता. केबल टीव्हीच्या तारा ओढणारी, टीव्हीची दुकाने चालवणारी, संगणक जोडून देणारी मुले या कामात उतरली. हातात कौशल्य होते, भांडवल थोडे होते. कॅमेरा बसवण्याच्या कामात स्पर्धेमुळे नफा उरत नसे, म्हणून पुढच्या वर्षाच्या देखभालीवर डोळा ठेवून बसवण्याचा भाव पाडला जाई. या सवयीचा परिणाम देखभालीवर आजवर टिकून आहे.

त्या अ‍ॅनालॉग काळातली दुरुस्ती म्हणजे मुख्यतः तारेची दुरुस्ती. ‘थ्री प्लस वन’ या नावाने मिळणाऱ्या केबलमध्ये चित्रासाठी एक कोअ‍ॅक्स आणि विजेसाठी तीन बारीक तारा असत. गेटपासून वॉचमनच्या खोलीपर्यंत ऐंशी-नव्वद मीटर तार गेली की १२ व्होल्ट शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत पूर्ण पोहोचत नसत. दिवसा चित्र ठीक दिसे. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याची विजेची ओढ वाढे, आणि तो मिटमिटू लागे किंवा सारखा बंद-चालू होई. म्हणून ‘रात्री कॅमेरा जातो’ ही तक्रार घेऊन दुपारी आलेल्या तंत्रज्ञाला काहीच सापडत नसे. वाशी, नेरूळ, ऐरोली या खाडीलगतच्या भागांत आणखी एक दुखणे होते. केबलच्या टोकाला उघड्यावर ठेवलेल्या बीएनसी कनेक्टरवर दोन पावसाळ्यांत हिरवट थर चढे, आतली तांब्याची सुई काळी पडे, आणि पडद्यावर आधी आडव्या लाटा व नंतर ‘व्हिडिओ लॉस’ अशी अक्षरे येत. उपाय साधा होता : दोन इंच केबल कापायची, नवा कनेक्टर क्रिम्प करायचा, आणि तो जोड भिंतीला न लटकवता पीव्हीसीच्या डब्यात घालून झाकण तोंड खाली ठेवून लावायचे. डब्याची किंमत कनेक्टरपेक्षा जास्त असल्यामुळे ज्यांनी तो टाळला, त्यांच्याकडे दर जुलैत तीच तक्रार परत आली. कोळ्यांचा त्रासही खरा आहे. इन्फ्रारेडच्या उबेने किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि काचेसमोरचे जाळे रात्री पांढऱ्या पडद्यासारखे चमकते. हालचालीवर रेकॉर्डिंग सुरू होईल अशी रचना असेल तर वाऱ्यावर हलणारे ते जाळे रात्रभर डिस्क भरत राहते. महिन्यातून एकदा मऊ कापडाने काच पुसणे हा त्यावरचा संपूर्ण उपाय आहे, आणि तोच सर्वांत जास्त वेळा चुकतो.

आता मूळ वादाकडे येतो. देखभालीचे करार दोन प्रकारचे सांगितले जातात, ‘नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह’ आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. पहिल्यात भेट आणि मजुरी, दुसऱ्यात सुटे भागही. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’चे मराठी ‘सर्वसमावेशक’ असे होते, आणि सभेत मंजुरी देणाऱ्या सभासदांचा समज तोच असतो : वर्षाला एकदा पैसे भरले की सगळे त्यात आले. कराराच्या दुसऱ्या पानावर मात्र वगळलेल्या गोष्टींची यादी असते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक करारांत तीत केबल, एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा संच), विजेच्या कमी-जास्त दाबाने झालेले नुकसान आणि हार्ड डिस्क हे चार शब्द असतातच. सर्वसमावेशक म्हणून विकलेल्या करारातून हार्ड डिस्क वगळणे म्हणजे रेकॉर्डिंगच वगळणे, हे सभेत कोणी बोलून दाखवत नाही.

ठेकेदाराची बाजूही निराधार नाही. डीव्हीआरमधली डिस्क चोवीस तास लिहीत असते, आणि वॉचमनच्या खोलीत तिला पंखाही मिळत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्क बनवणारे तिथले मोठे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. ज्यांनी वर्षाच्या सुरुवातीला जुन्या भावाने ‘सगळे त्यात’ असा शब्द दिला होता, त्यांना एक डिस्क बदलताना अख्ख्या कराराचे पैसे घालावे लागले. त्यानंतर डिस्क यादीत गेली ती कायमची. पुढे भाव उतरले तरी ती परत आली नाही, आणि इथे मला ठेकेदारांचे म्हणणे पटत नाही. देखरेखीसाठी खास बनवलेल्या डिस्कला साधारण तीन वर्षांची हमी असते. संगणकाची साधी डिस्क घातली, की हमी कमी आणि या कामाला ती बनवलेलीही नाही. त्यामुळे बसवताना कोणती डिस्क घातली हे करारात लिहिणे शक्य होते, योग्यही होते, आणि ते बहुधा लिहिले गेले नाही.

याच वादात ‘चालू’ या शब्दाचा घोळ मिसळला. तिमाही भेटीच्या कागदावर ‘सर्व कॅमेरे चालू’ असे लिहून सचिवांची सही घेतली जाते. पडद्यावर सोळा चौकटी दिसल्या की कॅमेरे चालू, असा अर्थ दोन्ही बाजू घेतात. परंतु डिस्क मेली तरी थेट चित्र दिसतच राहते. नवी मुंबईतील एका सोसायटीत मी स्वतः पाहिलेले आहे : दुचाकी चोरीला गेल्यावर रेकॉर्डर उघडला, तर शेवटचे रेकॉर्डिंग तीन महिन्यांपूर्वीचे निघाले. मधल्या काळात एक तिमाही भेट झालेली होती आणि कागदावर तोच शेरा होता. डिस्क बिघडताच यंत्राने बीप वाजवून सांगितलेही होते. रात्रपाळीच्या वॉचमनला त्या आवाजाने झोप येईना, म्हणून कोणीतरी मेनूत जाऊन बझर बंद केला होता. सचिव काकांनी ठेकेदाराला विचारले तेव्हा त्याने करारातली यादी दाखवली, आणि ती यादी बरोबर होती. ज्याची गाडी गेली तो सभासद मात्र त्या दिवशी खोलीच्या दारात नुसता उभा होता.

किती दिवसांचे रेकॉर्डिंग, हा प्रश्नही याच यादीत अडकलेला आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने लिहीत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. सोळा कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण ३४५ जीबी होतात. म्हणजे २ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, आणि तीस दिवस हवे असतील तर १० टीबीहून अधिक जागा लागते. ७००-८०० टीव्ही लाइनचे जुने कॅमेरे काढून २०१४ नंतर त्याच कोअ‍ॅक्स तारेवर एचडी कॅमेरे बसवण्याची लाट आली. चित्र सुधारले आणि गाडीचा नंबर वाचता येऊ लागला, पण अनेक ठिकाणी डिस्क जुनीच राहिली आणि पंधरा दिवसांचे चार-पाच दिवस झाले. चित्र दाबून साठवण्याच्या एच.२६५ पद्धतीने जागा बरीच वाचते, परंतु त्यासाठी कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही तसे लागतात.

दिवसांचा फरक किती पडतो, हे याच परिसरातल्या दोन घटनांवरून दिसते. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यात समतानगरच्या एका मॉलमध्ये पहाटे बिबट्या शिरला तो कॅमेऱ्यात दिसला आणि त्याच दिवशी जवळच्या हॉटेलच्या तळघरात पकडला गेला. तिथे काही तासांचे रेकॉर्डिंग पुरेसे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरला एका बँकेच्या लॉकरखोलीपर्यंत शेजारच्या गाळ्यातून भुयार खणले गेले, त्याची तयारी मात्र काही महिने आधी, गाळा भाड्याने घेण्यापासून झालेली होती. आसपासच्या एखाद्या दुकानात दहा दिवसांचे रेकॉर्डिंग असते, तर त्यात या कथेचा फक्त शेवट सापडला असता. बँकांच्या नियामकाने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरविषयक सुधारित सूचना काढल्या. लॉकरखोलीच्या प्रवेशद्वाराचे आणि सामायिक भागाचे चित्रण किमान १८० दिवस जपण्याची अट तीत आहे.

गेल्या दहा वर्षांतल्या घडामोडी वेगाने आल्या. फोनवर चित्र पाहण्याची सोय झाली तशी रेकॉर्डरची इंटरनेटशी गाठ पडली. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन मोठी संकेतस्थळे बंद पाडली, तेव्हा पासवर्ड हाही देखभालीचा भाग असल्याचे या धंद्याला पहिल्यांदा जाणवले. आपल्याकडे याची उलटी बाजू अधिक दिसते. पासवर्ड ठेकेदाराकडेच राहतो, समिती बदलते, ठेकेदाराशी बिनसते, आणि नव्या माणसाला रेकॉर्डर रीसेट करण्यावाचून मार्ग उरत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी आदेश दिला, तो देखभालीच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. रेकॉर्डिंग अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, इतकेच त्यात नव्हते. कॅमेरे चालू राहणे, त्यांची देखभाल आणि रेकॉर्डिंग यांची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्यावर टाकली गेली आणि बिघाड दिसताच तो कळवणे हे त्याचे कर्तव्य ठरले. चालू राहणे आणि रेकॉर्डिंग हे दोन वेगळे शब्द तिथे शेजारी-शेजारी आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले आणि त्या शाळेतल्या चित्रणाविषयी प्रश्न उभे राहिले. राज्य शासनाने लगेच शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवण्यास सांगितले आणि आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर दिली. बसवण्याची मुदत सर्वांच्या लक्षात राहिली. तपासण्याची अट मात्र देखभालीची खरी अट आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तिच्यावर तडजोड होऊ नये.

पुराव्याचा कायदाही याच वर्षी बदलला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले होते आणि जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या वादात जुलै २०२० मध्ये ते पुन्हा पक्के केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले : एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलच्या हॅश मूल्याची (फाइल बदलली तर बदलणाऱ्या सांकेतिक आकड्याची) नोंद. पूर्वी सोसायटीचा तंत्रज्ञ पेन ड्राइव्हवर फुटेज उतरवून देई आणि त्याचे काम संपे. आता फाइल कोणत्या यंत्रातून, कोणत्या तारखेला निघाली हे लिहून द्यावे लागते. रेकॉर्डरमधली नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे, काही यंत्रांत थेट २००० सालात जाते, आणि खऱ्या घटनेवर खोटी तारीख उमटते.

९ एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा निकषांची चाचणी अनिवार्य झाली. नियम नव्या मालासाठी आहे, पण देखभालीत त्याची झळ लागते : आठ वर्षांपूर्वीच्या सोळा कॅमेऱ्यांपैकी दोन बंद पडले की तेच मॉडेल मिळत नाही, आणि नवे कॅमेरे जुन्या रेकॉर्डरशी जुळतीलच असे नाही. अशा वेळी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करार घेतलेला ठेकेदार त्याच क्षमतेचा दुसरा कॅमेरा देण्यास बांधील आहे की रेकॉर्डरसह सगळेच बदलण्याचा खर्च सोसायटीने करायचा, यावर घोडबंदर रस्त्यावरच्या सभांमध्ये सध्या चर्चा चालू आहे. मी वाचलेल्या करारांपैकी दोनच करारांत याचे उत्तर लिहिलेले होते. त्या दोन्हींत दर महिन्याला मागच्या एखाद्या तारखेचे पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग उघडून पाहण्याची आणि त्या तारखेसह सही घेण्याची अटही होती, आणि हार्ड डिस्क वगळलेल्या यादीत नव्हती.