खाणावळवाली

मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालणारी बाई. ‘खाणावळ’ म्हणजे जेवायची जागा, आणि जेवणापोटी द्यायचे पैसेही. ‘खाणावळ थकली’ असे तिने म्हटले की ऐकणाऱ्याची मान खाली जाई.

रत्नागिरी, सातारा भागांतून आलेले बहुतेक गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून येत. एकाच गावचे कितीतरी जण मिळून एक खोली घेत. अंथरुणापुरती जागा मिळे, चूल मिळत नसे. ती खाणावळवालीकडे असे. या बायकांत कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. कुणाचा नवरा गिरणीतच, पण त्याच्या पगारात भागत नसे. गाव आणि जात पाहूनच माणूस खाणावळ धरी. मालवणी बाईच्या घरी बांगड्याचे कालवण, घाटावरच्या बाईकडे भाकरी-आमटी. पाटी कुठेच नसे, कारण ती तिची राहती खोलीच होती. १९२० नंतर बीडीडी (सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी उभ्या राहिल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच संसार, शेगडी, पाण्याची पिंपे आणि जेवणाऱ्यांच्या पंगती.

१९११च्या कारखाना कायद्याने पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. भोंग्याआधी उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला मात्र कुठलाच कायदा लागू नव्हता.

पगार महिना उलटून गेल्यावर होई. तोवर वाण्याची उधारी बाईच्या नावावर चढे, म्हणजे उधार हा या धंद्याचा पायाच होता. संपात तो पाया किती वजन पेली, ते दिसे. जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. सहा दिवस निभावणे सोपे. महायुद्धाच्या अखेरीस धान्य कडाडले, १९१८चा पाऊस फसला, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने शहर झोडपले. जानेवारी १९१९मध्ये लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. १९२८चा संप एप्रिलअखेर सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला, सुमारे दीड लाख कामगारांचा. कितीतरी जण गावी परतले. मागे राहिलेल्यांना जेवायला घालायचे, तर बाईला वाण्याकडे शब्द टाकावा लागे, नाहीतर अंगावरचे गहाण ठेवावे लागे. गिरणी कामगार युनियनचा जन्म याच संपातला. तिच्या पुढाऱ्यांची नावे इतिहासात आहेत. खाणावळवाल्यांची पाहायची तर वाण्यांच्या वह्यांतच पाहावी लागली असती, आणि त्या वह्या कुणी जपल्या असतील असे वाटत नाही.

गिरणीच्या हजेरीपटावर नाव नसल्याने ती ‘कामगार’ धरली गेली नाही. गिरणीत वाइंडिंग-रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत राबणाऱ्या बायकांना मुंबई प्रांताच्या १९२९च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता तरी मिळाला. खाणावळवाल्या संघटित झाल्या त्या १९७५मध्ये, कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढल्यावर. पहिले मोठे काम होते सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे.