चालान भरलं तरी लायसन काहून अडकते? थोडं मागचं

नागपूरच्या व्हेरायटी चौकात सिग्नल तोडला, ट्रॅफिकवाल्यानं धरलं, चालान भरलं, विषय संपला, असंच आपल्याकडे जवळपास सगळे धरून चालतात. मग काही दिवसांनी आरटीओची कारणे दाखवा नोटीस येते आणि माणूस चिडतो, अरे पैसे तर भरले ना बाप्पा, आता काय राहिलं? काय राहिलं ते समजायला बरंच मागं जावं लागते.

लायसन काढून घ्यायचा अधिकार काही कालपरवाचा नाही. मोटारींचा पहिला देशभराचा कायदा इंग्रजांनी १९१४ ला केला, त्याच्यानंतर १९३९ चा आला, तेव्हा नागपूर सीपी अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, राजधानी होतं. त्या ३९ च्या कायद्यातच लायसन देणाऱ्या ऑफिसला आणि कोर्टाला, दोघांनाही ड्रायव्हरला अपात्र ठरवता येत होतं. चौकातल्या शिपायाला नाही, हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येते. लायसन म्हणजे तेव्हा छोटं पुस्तक असायचं, शिक्षा झाली की त्याच्यातच शेरा पडायचा. शेऱ्याची ती पद्धत १९८८ च्या कायद्यातही राहिली, आणि शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही तर कोरं लायसन मागायचा हक्कही त्याच कायद्यात आहे, जे फार कोणाला माहीत नसते.

हा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आज चालतो तो हाच. याच्यातलं कलम १९ आरटीओसाठी, कलम २० कोर्टासाठी. पट्टीचा दारुडा, नशेडी, गाडी वापरून गुन्हा करणारा, खोटी माहिती देऊन लायसन काढणारा, अशांचं लायसन आरटीओ ठरावीक काळासाठी बंद करू शकते नाहीतर कायमचं रद्द करू शकते. त्याच्या जोडीला केंद्राच्या १९८९ च्या नियमांतला नियम २१, ज्याच्यात प्रवाशांना मारहाण, ओव्हरलोड, स्पीड, चालवताना मोबाईल अशी लांबलचक यादी आहे, प्रवासी गाडी चालवताना सिगारेट ओढणंसुद्धा. म्हणजे कागदावर सगळं होतं. पण साध्या स्कुटीवाल्याला याची झळ कधी लागली नाही, पावती फाडली की मोकळा, आणि तीच सवय अजून डोक्यात बसली आहे.

चक्र फिरलं २०१५ ला. रस्ता सुरक्षेसाठी सुप्रीम कोर्टानं आदल्याच वर्षी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांची कमिटी नेमली होती, तिनं ऑगस्टमध्ये सगळ्या राज्यांना बजावलं की स्पीड, लाल सिग्नल, दारू, मोबाईल, मालवाहू गाडीत ओव्हरलोड आणि मालवाहू गाडीत माणसं कोंबणं, या सहा गोष्टींत नुसता दंड चालणार नाही, लायसन कमीत कमी तीन महिने सस्पेंड करा. कायदा जुनाच, फक्त चौकातून आरटीओकडे जाणारा रस्ता मोकळा झाला.

मग आली २०१९ ची दुरुस्ती, तीही आपल्याच नागपूरच्या खासदाराची, गडकरींची. १ सप्टेंबरपासून लागू झाली आणि बोंब झाली ती दंडाच्या आकड्यांची. आपले तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी महाराष्ट्रात ते वाढीव दंड थांबवलेच, नवे दर इथं यायला डिसेंबर २०२१ उजाडलं. या आकड्यांच्या भांडणात खरी गोष्ट कोणी वाचलीच नाही असं माझं मत आहे. कलम २०६ मध्ये नवं पोटकलम घातलं, पोलिसानं लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं, त्याच्यात आता हेल्मेट न घालणं पण आलं. पहिल्या वेळी तीन महिने बंद, दुसऱ्यांदा थेट रद्द, नाव जाहीर करायचीही मुभा, आणि परत पाहिजे तर रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करा. आणि कलम २०० मध्ये गुपचूप एक ओळ टाकली की तडजोडीचा दंड, म्हणजे कोर्टात न जाता भरतो ते चालान, भरला म्हणून ही कारवाई टळत नाही. चालान भरूनही नोटीस येते ती याच्याचमुळे, राजेहो!

पोलिसाचं काम मात्र अजूनही जप्त करून पाठवण्यापुरतंच. २०२२ ला कलकत्ता हायकोर्टानं हेच सांगितलं, सस्पेंड करायचा अधिकार आरटीओचा, पोलिसाचा नाही. जप्त केल्यावर जी पावती मिळते ती सांभाळा, तिच्यावरच्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. सस्पेंडचा ऑर्डर निघाला की मग नाही. तरी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत जेल नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही; जेल आधीही होती, दंड मात्र आधी ५०० रुपयांपर्यंत होता, आता १०,०००. आणि लपवणंही कठीण, ऑक्टोबर २०२० पासून सस्पेंड-रद्दची नोंद सरकारी पोर्टलवर चढते, खिशात कार्ड असलं तरी पोलिसाला मोबाईलवर दिसून जाते.

आता सगळ्यात जास्त घोळ पत्त्याचा होतो. लायसनवर गोंदियाचा नाहीतर भंडाऱ्याचा पत्ता, राहतो नागपुरात मनीषनगरला किरायानं, नोटीस जाते गावाला, इकडं सुनावणीची तारीख निघून जाते. ऑर्डर विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येते, पण आधी सुनावणीलाच जा ना भाऊ, बाजू ऐकून सोडून द्यायचा अधिकार त्याच अधिकाऱ्याला आहे आणि लायसन बंद करायचं असेल तर कारणं त्याला लेखी द्यावी लागतात.