आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा कोण दाखल करू शकतं आणि त्यासाठी काय लागतं?

आधी पात्रता पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच असतात. हेगच्या पीस पॅलेसमध्ये १९४६ पासून काम करणाऱ्या या न्यायालयात फक्त देशच वादी-प्रतिवादी होऊ शकतात. व्यक्ती, कंपनी, संस्था यांचा अर्ज इथे चालत नाही. नागरिकावर कितीही मोठा अन्याय झालेला असो, त्याच्या देशाने ते प्रकरण स्वतःचं म्हणून हाती घ्यावं लागतं. (माणसांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं. तेही हेगमध्येच असल्याने बातम्यांत दोघांची हमखास सरमिसळ होते.)

हे न्यायालय संयुक्त राष्ट्रांचं, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश आपोआप पात्र असतात. पण पात्र असणं आणि दावा चालणं यात मोठं अंतर आहे.

खरी अडचण: संमतीची

गावातल्या दिवाणी कोर्टात प्रतिवादीला विचारून कोणी दावा लावत नाही. इथे मात्र समोरच्या देशाने या न्यायालयाचा अधिकार कधीतरी, कुठल्यातरी कागदावर मान्य केलेला असावा लागतो. तो कागद शोधणं हे अर्जाच्या तयारीतलं सर्वांत कठीण काम.

सोपा मार्ग म्हणजे दोघांनी मिळून करार करून वाद सोपवणं. बोट्सवाना आणि नामिबिया यांनी चोबे नदीतल्या एका बेटाचा वाद १९९६ मध्ये असाच नेला. १९९९ मध्ये बेट बोट्सवानाला मिळालं. दुसरा मार्ग, दोघांनी सही केलेल्या एखाद्या बहुराष्ट्रीय करारात ‘वाद झाल्यास या न्यायालयाकडे’ असं कलम असणं. तिसरा, न्यायालयाचा अधिकार आम्हाला कायमचा मान्य, असं देशाने आधीच जाहीर केलेलं असणं. अशी घोषणा सत्तरहून अधिक देशांनी केली आहे, पण बहुतेकींना अपवादांची शेपटं आहेत.

ही शेपटं किती महागात पडतात ते भारत-पाकिस्तानच्या दोन खटल्यांत दिसतं. १९९९ मध्ये पाकिस्तानचं लष्करी विमान भारताने पाडलं म्हणून पाकिस्तान हेगला गेला. भारताच्या घोषणेत राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद वगळलेले होते, आणि पाकिस्तान राष्ट्रकुलाचा सदस्य. २००० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून दावा निकालात काढला. विमान कोणाच्या हद्दीत होतं, हा प्रश्न आलाच नाही. २०१७ मध्ये पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी भारत वादी झाला, तेव्हा त्याने घोषणेचं नावही काढलं नाही. राजदूतावासाशी संपर्काच्या हक्काबद्दलचा व्हिएन्ना करार आणि त्याला जोडलेला, वाद या न्यायालयाकडे नेण्याचा वैकल्पिक पूरक करार दोघांनीही मान्य केलेला होता, तो पुढे केला. अधिकारक्षेत्र टिकलं.

अर्जात काय लागतं

छापील फॉर्म नसतो. निबंधकाकडे द्यायच्या अर्जात प्रतिवादी देश कोण, वादाचा विषय काय, अधिकारक्षेत्राचा आधार कोणता, नेमकी मागणी काय आणि थोडक्यात घटना व कारणं, एवढं हवं. भाषा इंग्रजी किंवा फ्रेंच. न्यायालयाची फी नाही. वकिलांचा खर्च सहसा ज्याचा त्याने सोसायचा.

सोबत एजंट नेमावा लागतो. हा दलाल नव्हे, देशाच्या वतीने सही करणारा आणि देशाला बांधून घेणारा अधिकृत प्रतिनिधी. जाधव प्रकरणात युक्तिवाद गाजला तो हरीश साळवे यांचा, पण एजंट होते परराष्ट्र मंत्रालयाचे अधिकारी.

घाई असेल, म्हणजे निकालापर्यंत भरून न येणारं नुकसान होणार असेल, तर हंगामी आदेशाची विनंती करता येते. ती इतर सगळ्या कामांच्या आधी घेतली जाते. भारताने ८ मे २०१७ रोजी अर्ज केला आणि १८ मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली. असे आदेश बंधनकारक आहेत की नुसत्या सूचना, हा घोळ बरीच वर्षं होता. १९९९ मध्ये आदेश असूनही अमेरिकेत वॉल्टर लाग्रँड या जर्मन नागरिकाला मृत्युदंड दिला गेला. त्या खटल्याचा निकाल देताना २००१ मध्ये न्यायालयाने ते बंधनकारकच असल्याचं स्पष्ट केलं.

पुढे काय होतं

लेखी कैफियत, तिला प्रतिवादीचं उत्तर, गरज पडल्यास आणखी एक फेरी, मग तोंडी सुनावणी. याला वर्षं लागतात. प्रतिवादी बऱ्याचदा आधी अधिकारक्षेत्रालाच हरकत घेतो आणि मूळ मुद्दा तोवर थांबतो. पंधरा न्यायाधीशांत आपल्या देशाचा कोणी नसेल तर त्या खटल्यापुरता एक नेमता येतो. निर्णय बहुमताने, मतं समान पडल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक.

अपील नाही. निकालाच्या वेळी माहीत नसलेली निर्णायक वस्तुस्थिती पुढे आली, तर ती कळल्यापासून सहा महिन्यांत आणि निकालापासून दहा वर्षांच्या आत फेरविचार मागता येतो, बस.

अंमलबजावणीसाठी न्यायालयाकडे बेलिफ नाही. हरलेल्याने निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जायचं, आणि तिथे नकाराधिकार आहे. १९८६ मध्ये निकाराग्वा अमेरिकेविरुद्ध जिंकला. पालनासाठीचा ठराव परिषदेत आला तेव्हा तो अमेरिकेनेच नकाराधिकाराने अडवला. भरपाईचा आकडा ठरायचा राहिलेला असतानाच, १९९१ मध्ये निकाराग्वाने खटला मागे घेतला.