'गटर' म्हणजे फक्त घाणीचं गटार?

'इंग्रजीत गटर म्हणजे सांडपाण्याचं गटार, दुसरा अर्थच नाही', हा समज आपल्याकडे बराच जुना आहे. तो होणं साहजिक आहे, कारण रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द त्याच अर्थाने ऐकतो.

पण शब्दाचं मूळ पाहा. लॅटिनमध्ये 'गुत्ता' म्हणजे थेंब. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीसाठी शब्द आला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. म्हणजे सुरुवात घाणीपासून नाही, पागोळ्यांपासून! मला हे फार सुंदर वाटतं. आजही इंग्रजीत घराचं 'गटर' म्हणजे पन्हळच. रस्त्याचं 'गटर' ही कडेची पाणी वाहण्याची उघडी चर असते. जमिनीखालून मैला नेणाऱ्या वाहिनीला 'सूअर' (sewer) हा वेगळा शब्द आहे.

छपाईत समोरासमोरच्या दोन पानांमध्ये, बांधणीच्या बाजूला सोडलेली कोरी जागा म्हणजे 'गटर'. बोलिंगच्या, म्हणजे जड चेंडू घरंगळवून पिना पाडण्याच्या खेळात पट्टीच्या दोन्ही कडांची खाच म्हणजेही 'गटर'च. मेणबत्तीचं मेण ओघळून ज्योत फडफडू लागली, तर त्यासाठी हाच शब्द क्रियापद होतो.

पडताळायचं असेल तर कोणताही मोठा इंग्रजी शब्दकोश उघडा आणि नोंदीतली व्युत्पत्ती वाचा. दुसरी खूण दवाखान्यात मिळते: सलाइनचे थेंब मोजताना 'जीटीटी' असं लिहितात, ते याच 'गुत्ता'चं संक्षिप्त रूप. त्यामुळे घरबांधणीच्या माहितीपत्रकात 'गटर' दिसलं, तर मराठीत 'पन्हळ' लिहा.